कोळशाच्या खालची पानं

आमच्याकडे माणूस कसा आहे हे त्याच्या कुंपणावरून ठरतं. तो चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसतो, त्याची गुरं किती, बायको कशी, हे सगळं नंतर. दोन रँचच्या मध्ये कुंपण असलं की दोघा मालकांनी त्याच्या बरोबर मध्यावर समोरासमोर उभं राहायचं आणि आपापल्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येईल तो जन्मभर सांभाळायचा. कागद नाही, सही नाही. दुसऱ्याच्या अर्ध्याला हात लावायचा नाही, अगदी तार तुटून लोंबत असली तरी. हात लावला तर त्याचा अर्थ ‘तुला जमत नाही’ असा होतो, आणि नॉर्थ डकोटात असल्या गोष्टी कुणी विसरत नाही.

आमच्या आणि टिल्मर हॉगनच्या जमिनीमधलं कुंपण एक मैल लांब आहे. टिल्मरचा अर्धा मैल सपाट माळावरून जातो, त्यामुळे तो सरळ असण्यात टिल्मरचं कौतुक काही नाही. आमचा अर्धा मैल टेकड्यांच्या अंगावरून आडवा जातो. तो माझ्या नवऱ्याने, रायनहोल्ड श्विन्टने, १९८३च्या शरदात घातला. आणि तो वाकडा आहे. सगळा नाही. एका टेकडीवर तेरा खांब रेष सोडून उताराकडे गेलेत, विळ्यासारखे. सगळ्यात बाहेरचा खांब पंधरा फूट खाली आहे. टेकडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे खांब मात्र एका ओळीत उभे आहेत, एका डोळ्याने बघितलं तर पहिला तेवढा दिसतो.

टिल्मर जवळजवळ चाळीस वर्षं एकच विनोद सांगत आलाय, की त्या दिवशी रायनहोल्डने खांबाआधी बाटली उघडली. हा विनोद गुरांच्या बाजारात झाला, लग्नांत झाला, रायनहोल्डच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणातही झाला. मी तेव्हा टिल्मरच्या ताटात बटाट्याचं सॅलड असं आदळलं की त्याच्या टायवर उडालं.

रायनहोल्ड सुरुवातीला भांडायचा. मी सरळ घातलं होतं, म्हणायचा, दुर्बिणीतून रेष धरून घातलं होतं. पण कुंपण तर डोळ्यांसमोर वाकडं. पुढेपुढे तो नुसता खांदे उडवायचा. त्याच्या वतीने मी भांडायचे, आणि भांडणात मला या जिल्ह्यात अजून कुणी हरवलेलं नाही. मनात काय होतं ते वेगळं. ते सांगेन.

इनेस मोन्तोया आमच्याकडे आली त्याला हा तिसरा उन्हाळा. आमच्या भागात दरवर्षी डायनासोरची हाडं खणणारे हाडवाले येतात. मोठ्या गाड्या, मोठ्या टोप्या, आणि ट्रायसेराटॉप्सचं एखादं शिंग सापडलं की गावभर बोभाटा. ही पानवाली एकटी आली, न्यू मेक्सिकोहून, मडगार्ड दोरीने बांधलेल्या पिकअपमधून. पहिल्याच दिवशी तिने गावातल्या दुकानातून टॉयलेट पेपरचे अठ्ठेचाळीस रोल उचलले. दुकानदाराने मला फोन करून विचारलं, तुझ्या पाहुणीचं पोट बरं आहे ना. तो कागद पानांसाठी होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं पान दगडातून निघालं की ते त्यात गुंडाळतात, त्याहून मऊ आणि स्वस्त काही मिळत नाही.

ती खणायची ती जागा म्हणजे नेमकी रायनहोल्डची वाकडी टेकडी. कुंपणाच्या खालच्या अंगाला राखाडी चिखलाचा दगड आहे. छिन्नी लावून हलकेच ठोकलं की तो उघडतो आणि आत पान असतं. शिरा, करवती कडा, किड्यांनी पाडलेली भोकं, सगळं. सुंदर पान तेवढं ठेवायचं आणि फाटकं टाकायचं, असं मला वाटलं होतं. तिने मला पहिल्याच आठवड्यात झापलं. फाटकं असो, अर्धं असो, नुसता देठाकडचा तुकडा असो, निघालं ते मोजायचं. सुंदर तेवढी मोजली तर जंगल खोटं होतं, म्हणाली. मला ते पटलं. दुसऱ्या उन्हाळ्यापासून ती दगड फोडायची आणि मी खुर्ची टाकून वहीत रेघा ओढायचे. त्याच उन्हाळ्यात ती मला तिया म्हणायला लागली. तिच्या घरी मावशीला तसं म्हणतात. मला भाची नव्हती, मूलही नव्हतं, मी काही हरकत घेतली नाही.

तीन उन्हाळ्यांत दोन हजार एकशे चौदा पानं झाली. आणि इतक्या पानांत जाती फक्त सहा.

ही सहाची गोष्ट मोठी होती. आमच्या टेकड्यांमधून कोळशाचा एक काळा पट्टा जातो. त्याच्या खाली डायनासोरचा काळ, वर त्यांचा मागमूस नाही. आकाशातून तो मोठा दगड पडला तो त्या पट्ट्याच्या वेळी, हे आमच्या शाळेतलं पोरही सांगेल. कोळशाच्या खाली इतरत्र कुठेही खणलं तर पानांच्या तीस-चाळीस जाती मिळतात. दगड पडल्यानंतरच्या चिखलात मोजून पाच-सहा मिळतात, कारण बाकीचं मेलं होतं. इनेसची खाण कोळशाच्या खाली होती. समोरच्या टेकडीतला काळा पट्टा आणि हिच्या खाणीवरचा काळा पट्टा एकाच उंचीवर, नजरेने जोडता येतील असे. म्हणजे हे डायनासोरच्या जिवंतपणीचं जंगल, आणि तरी जाती सहाच. म्हणजे आमच्या खोऱ्यातलं जंगल आकाशातला दगड पडायच्या आधीच मरायला टेकलं होतं. असं अजून कुणी दाखवलेलं नव्हतं. दगडाचं वय जुन्या परागकणांवरून पक्कं करतात, त्यासाठी तिने तिथली माती दोनदा पाठवली होती, दोन्हीदा एकही परागकण सापडला नाही. पण कोळसा कोळशाच्या जागी होता, पानं पानांच्या जागी होती. तिने लिहून पाठवून दिलं. जुलैच्या शेवटच्या शनिवारी वीस जाणकार माणसं जागा बघायला येणार होती. त्यांतली दोघं अशी होती की ज्यांच्या हातात तिची शरदातली नोकरी होती.

गुरुवारी दुपारी टिल्मर जेवायला होता. गवत कापायच्या दिवसांत तो आमच्याकडेच जेवतो, त्याची बायको मुलीकडे फार्गोला असते. मी क्नेफला केलं होतं, पिठाच्या गोळ्यांचं सूप, भरपूर साय घालून. टिल्मरने दुसरी वाटी घेतली आणि त्याला सुचलं.

“शनिवारी वीस शहाणे येणार म्हणे. अल्व्हिना, ते तेरा खांब ताडपत्रीने झाकू का? नाहीतर लोक पानं सोडून खांबांचाच नाच बघत बसतील.”

टिल्मर हसला त्याचं काही नाही, त्याची मला सवय होती. पण इनेसही हसली. माझी इनेस. ते लागलं मला.

“चमचा ठेव,” मी म्हटलं. “ऊठ.”

“कुठे?”

“कुंपणावर. आज या पोरीसमोर सोक्षमोक्ष लावते.”

“अगं, सूप गार होईल.”

“तू चाळीस वर्षं तोच विनोद गरम करून वाढतोयस, सूपही होईल गरम. ऊठ.”

तिघं पिकअपमधून गेलो. माझ्याकडे पुरावा काय होता? खरं सांगायचं तर काही नव्हता. राग होता. मी टिल्मरला एकेका खांबाशी नेलं. रायनहोल्डने प्रत्येक खांबाच्या बुडाशी लाल भाजका दगड ठोकून भरला होता, आमच्या रस्त्यांवर टाकतात तो. चाळीस वर्षांनीही तो तसाच गच्च. मी म्हटलं, हे बघ, प्यालेला माणूस असा खांब ठोकतो?

“ठोकलाय झकास,” टिल्मर म्हणाला. “भलत्या जागी, एवढंच.”

इनेस मागे राहिली होती. तिची खोडच आहे, कुठेही नेलं तरी ती आधी जवळून बघणार. विळा जिथे सुरू होतो तिथे ती तारेवरून हात फिरवत उभी होती.

“तिया, हे जोड कुणी घातले?”

मी म्हटलं रायनहोल्डने, आणि तो गेल्यानंतरच्या सहा वर्षांतले मी. दर वसंतात तार तुटते. गुरं रेलतात मेली.

“आणि तुटल्यावर नुसती गाठ मारता, की मध्ये तुकडा घालता?”

“तुकडाच घालावा लागतो. पोचतच नाहीत टोकं एकमेकांना. वीतभर, कधी हातभर.”

ती तारेच्या कडेने चालत गेली, दुसऱ्या टोकापर्यंत, आणि ओठ हलत होते म्हणजे मोजत होती. परत आली तेव्हा तिने सांगितलं, या टोकाला एकोणीस जोड आहेत, त्या टोकाला सतरा. मधल्या तेरा खांबांत एकही नाही.

“गुरं दोनच ठिकाणी रेलतात का, तिया?”

सहा वर्षं मी स्वतःच्या हाताने तिथे तुकडे घातले होते, गुरांना शिव्या देत. आमचा अर्धा आमच्याकडे, त्यामुळे टिल्मरने ते जोड कधी बघितलेच नव्हते, आणि मी बघूनही बघितले नव्हते.

“आणि हे खांब बघा,” इनेस म्हणाली. “उताराकडे गेलेत, पण कललेत मागे, टेकडीकडे. सगळे. गुरांनी ढकलले असते तर खाली कलले असते.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुंपण पहिल्यापासून वाकडं असतं तर तार पहिल्यापासून पुरली असती. ती दरवर्षी अपुरी पडत गेली, कारण खांब दरवर्षी थोडे थोडे दूर गेले. रायनहोल्डने सरळच घातलं होतं! मी टिल्मरकडे वळले आणि काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. चाळीस वर्षांचं एकदम बाहेर आलं. टिल्मरने टोपी काढली आणि जमिनीकडे बघत राहिला. मला वाटलं, लाजला. मी इतकी खूश होते की इनेस खाली बसलीय हे मला बऱ्याच वेळाने दिसलं.

ती गवतात बसून आपल्या खाणीच्या वरच्या कोळशाकडे बघत होती.

“तिया,” ती म्हणाली, “टेकडी चालतेय.”

“मग तेच तर मी सांगतेय या गाढवाला!”

“टेकडी सरकत खाली आलीय. कुंपणाच्या कितीतरी आधीपासून. आणि माझा कोळसा तिच्यासोबत आलाय.”

मग मला कळलं. खाणीवरचा पट्टा तो कोळसा नव्हताच. तो त्याच्या वरचा, नंतरचा दुसरा पट्टा होता. घसरत घसरत तो बरोबर समोरच्या पट्ट्याच्या उंचीला येऊन थांबला होता आणि तिने दोन्ही जोडले होते. म्हणजे तिची पानं डायनासोरच्या काळातली नव्हती, त्यानंतरची होती. सहा जाती, कारण बाकीची मेली होती. त्यात नवल काहीच नव्हतं. तीन उन्हाळे, आणि शनिवारी वीस माणसं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. नवऱ्याची बाजू सिद्ध करायला मी गेले आणि पोरीच्या पायाखालची जमीन काढली.

टिल्मर खाकरला. टोपी अजून हातातच होती.

“माझ्याकडे खांब आहेत,” तो म्हणाला. “तारही आहे. उद्या दिवसभरात तेराच्या तेरा काढून सरळ रेषेत लावून देतो. शनिवारी कुणाला काही दिसणार नाही.”

ज्याने चाळीस वर्षांत आमच्या अर्ध्याला बोट लावलं नाही, तो टिल्मर हे म्हणत होता. आणि मी त्याला शिवी दिली नाही. मी विचार केला. खांब सरळ केले की जोड गेले, मागे कललेलं लाकूड गेलं, सगळी साक्ष गेली. रायनहोल्ड बेवडा होता तो बेवडाच राहील, पण तो मेलाय, त्याला काय फरक पडतो? ही जिवंत आहे. मी म्हटलं, “लाव.”

इनेसने माझ्याकडे बघितलं. “तुम्ही हे म्हणताय? आत्ता तुम्ही त्यांच्यासाठी...”

मग ते मी सांगितलं. टिल्मरसमोर सांगितलं, लपवून काय करायचं. चारचौघांत मी कितीही भांडले तरी मला स्वतःला वाटायचं की तो त्या दिवशी प्यायला होता. कुंपण डोळ्यांना दिसत होतं ना. एका थँक्सगिव्हिंगला पाहुणे गेल्यावर मी त्याला विचारलंही होतं, खरं सांग, प्यायला होतास का? त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला उठून गेला. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही हे त्याला माहीत होतं, आणि तसाच तो गेला. आता त्याचं नाव राहिलं काय, गेलं काय, माझं व्हायचं ते होऊन गेलंय. म्हणून म्हटलं, लाव खांब.

इनेस उठली. पँटचं गवत झटकलं.

“दोन हजार एकशे चौदा मोजली आपण,” ती म्हणाली. “देठाचा तुकडासुद्धा टाकला नाही. आणि आता टेकडीच खोटी सांगू? टिल्मर, तुमचे खांब राहू देत. फावडं आहे का?”

शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही टेकडीच्या माथ्यावर होतो. टेकडी जिथून सुटली असणार तिथे आता गवत आणि खुरटं ज्युनिपर होतं, बघून कळायचं नाही. इनेसचं म्हणणं, घसरलेला तुकडा खाली असेल तर न घसरलेला त्याचा भाऊ वर असलाच पाहिजे. खरा कोळसा, त्याच्या वर हाच राखाडी दगड, त्याच्या वर दुसरा कोळसा. तो सापडला तर ती चुकली हे नक्की, आणि कशी चुकली हेही नक्की. मला ते विचित्र वाटलं. माणूस आपलं बरोबर आहे हे सिद्ध करायला इतका खणत नाही, आणि ही चूक पक्की करायला खणत होती. पण काल गवतात बसली होती ती पोरगी ही नव्हे. हिने आम्हाला कामाला जुंपलं. टिल्मरने तर गवताचं यंत्र शेतातच सोडून दिलं. वरून पाऊस आला असता तर त्याचं गवत कुजलं असतं, पण तो त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही.

दुपारी कोळसा लागला. हातभर जाड, समोरच्या टेकडीतल्यासारखाच. त्याच्या वर खणत गेलो. पाचच्या सुमाराला राखाडी दगड आला. इनेसने एक पाटी काढली, उभी धरली, छिन्नी लावून ठोकली. ती उघडली आणि आत आमची दोन नंबरची जात होती, रुंद, करवती कडेची. मी तिच्या रेघा दोन उन्हाळे ओढल्या होत्या, मला झोपेतही ओळखू आली असती.

“तीच,” मी म्हटलं.

“तीच,” ती म्हणाली, आणि हसली आणि डोळे पुसले, दोन्ही एकदम. मग वही माझ्याकडे टाकली. “एक लिहा, तिया.”

शनिवारी माणसं आली. मी कॉफी आणि जर्दाळूचे केक नेले होते. आमच्याकडे कुणालाही उपाशीपोटी वाईट बातमी देत नाहीत. इनेसने प्रस्तावना केली नाही. खाणीपाशी उभं राहून पहिल्या वाक्यात सांगितलं, मी तुम्हाला जे लिहून पाठवलं ते चुकीचं आहे, ही पानं कोळशाच्या खालची नाहीत, वरची आहेत. मग तिने जोड दाखवले, मागे कललेले खांब दाखवले, वर नेऊन आमचा चर दाखवला. नोकरीवाल्या दोघांतला एक लिहून घेत होता. दुसरी बाई दूर डोंगराकडे बघत होती, आणि ते मला आवडलं नाही.

त्यांच्यात एक पांढऱ्या दाढीचा हाडवाला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, चर ठीक आहे, टेकडी कधीतरी घसरली हे मान्य. पण ती अजून सरकतेय हे तुम्ही कुंपणावरून म्हणता. कुंपण पहिल्यापासून वाकडंच घातलं नसेल कशावरून? तार काय, कुठेही तुटते. रँचवाले काही सर्व्हेअर नसतात.

इनेसने माझ्याकडे बघितलं. मी तयारच होते, बाह्या सरसावून. पण मी बोलायच्या आधी मागून आवाज आला.

“सरळ होतं.”

टिल्मर पुढे आला. तो असल्या माणसांसमोर कधी बोलत नाही, चर्चमध्ये प्रार्थनाही ओठांत म्हणतो.

“रायनहोल्ड दुर्बिणीतून बघत होता आणि पुढे दांडा मी धरला होता,” तो म्हणाला. “एकोणीस वर्षांचा होतो. तो हाताने खूण करायचा, मी दांडा डावीकडे, उजवीकडे करायचो, तो मूठ वळायचा, मी खूण ठोकायचो. तेरा वेळा केलं या टेकडीवर. तो प्यायलेला नव्हता. आमच्याकडे थर्मासमध्ये कॉफी होती.”

कुणीतरी विचारलं, मग?

“चार-पाच वर्षांनी वाक दिसायला लागला. मला वाटलं, दांडा माझ्याकडून हलला. ही चूक माझी आहे असं कुणी म्हणायच्या आत मी विनोद केला. लोक हसले. मग दरवर्षी वाक मला मोठा वाटायचा, मनाचा खेळ म्हणून सोडून द्यायचो, आणि विनोद वाढवायचो.” त्याने टोपी हातात फिरवली. “मला गुरुवारपर्यंत वाटत होतं की दांडा मीच वाकडा धरला.”

दाढीवाल्याने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्याला त्याचं उत्तर मिळालं होतं.

मला काय वाटलं ते सांगते. संताप आला. एवढा की केकचं ताट माझ्या हातात होतं हे टिल्मरचं नशीब. एका पोराच्या भीतीपायी माझा नवरा तीस-पस्तीस वर्षं बेवडा ठरला, आणि माझ्याच घरात, माझ्याच मनात ठरला. पण समोर इनेस उभी होती. ती आत्ता वीस जणांसमोर तीन वर्षांची चूक सांगून मोकळी झाली होती, आणि तिचं बघूनच या साठीच्या माणसाला तोंड फुटलं होतं. त्याने दांडा धरला होता, त्याला शंका यायला कारण तरी होतं. मी तर चाळीस वर्षं नुसतं बघितलं होतं.

इनेसचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. ती नोकरी गेली. डोंगराकडे बघणाऱ्या बाईने सभ्य पत्र पाठवलं. पण दाढीवाल्याने निघताना तिला बाजूला घेतलं होतं. तो म्हणाला, दगड पडल्यानंतर पहिल्यांदा उगवलेल्या जंगलाची दोन हजारांवर पानं, एकही न निवडता मोजलेली, ही मी तरी अजून कुणाकडे बघितलेली नाहीत, नीट लिही. ती लिहितेय. सप्टेंबरात तिला मोन्टानात काम मिळालं, लहान कॉलेज, लहान पगार. पानांच्या कपाटावर जागेचं नाव लिहावं लागतं तिथे तिने ‘श्विन्टचं कुंपण’ असं लिहिलंय. मला फोटो पाठवला. खांब आम्ही सरळ केले नाहीत. दर वसंतात मी जोडाचा तुकडा मोजते आणि तिला फोनवर सांगते.

टिल्मरला मी त्या शनिवारी एकच वाक्य बोलले. म्हटलं, उद्या चर्च सुटल्यावर पळू नकोस.

रविवारी तो थांबला. आम्ही मागच्या फाटकातून स्मशानात गेलो. वारा होता, नेहमीसारखा. मी त्याला रायनहोल्डच्या दगडासमोर उभं केलं आणि म्हटलं, काल अनोळखी लोकांना सांगितलंस ते आता याला सांग, मोठ्याने. तो सगळं बोलला, दांडा, कॉफी, विनोद, काही गाळलं नाही. शेवटी त्याने टोपी घातली आणि माझ्याकडे बघितलं.

“तू फाटकाशी थांब,” मी म्हटलं. “माझंही सांगायचं आहे त्याला.”